विद्युल्लतेची बासुंदी

"आजपासून आपल्या गोठ्यात इंजेक्शनची सुई शिरणार नाही! लिहून ठेवा!"

अण्णा मास्तरांनी ही घोषणा केली आणि चहाचा कप असा दणकन बशीत आपटला की कपाचा कान तुटून त्यांच्या बोटात अंगठीसारखा अडकला.

"लिहून कशाला ठेवायचं?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "हा कान आहे की साक्षीला!"

बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्यात अण्णांचा हातखंडा होता. भिवंडीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे समोरचं माणूस ऐकत नसलं तरी बोलत राहायची त्यांना सवय होती! त्यांचं घर गावाबाहेर, दापोड्याच्या रस्त्याला. पूर्वी आजूबाजूला शेतं होती, आता गोडाऊनं उभी राहिली होती. पुढच्या दाराशी ट्रकांचे हॉर्न, मागच्या बाजूला कापडाच्या लूमची खटकखट आणि ह्या दोन्हींच्या मधोमध शांतपणे रवंथ करणारी अण्णांची लाडकी म्हैस, विद्युल्लता!

म्हशीला हे नाव म्हणजे जरा अतीच, असं सगळ्यांना वाटायचं. कारण ती चालायला लागली की शेजारून गोगलगाय ओव्हरटेक करून जाईल! पण कासेला मनाविरुद्ध हात लागला, की तिचा मागचा पाय असा चमकायचा की बादली आधी उडालेली दिसायची आणि आवाज मागून यायचा. प्रकाश आधी, ध्वनी नंतर! विज्ञानाच्या मास्तरांना दुसरं नाव सुचणार तरी कसं?

तर ह्या विद्युल्लतेला गेल्या पावसाळ्यात दगडी झाली होती. कास सुजून खरोखर दगडासारखी टणक झाली. धारेतून दुधाऐवजी पाण्यात विरघळलेल्या खडूसारखं काहीतरी यायला लागलं. डॉक्टर आले, इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली, औषध उतरेपर्यंतचं सगळं दूध ओतून द्यावं लागलं. म्हैस वाचली, पण एक सड कायमचा आटला. त्या दिवसांत अण्णा ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. ह्या माणसाला डोळे पुसताना प्रमोदिनीबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं, ते तेव्हा!

म्हणूनच ह्या वर्षी ठाण्याला पशुपालकांचं शिबिर आहे म्हटल्यावर अण्णा पहिल्या रांगेत जाऊन बसले. विषय होता, जनावरांचे जंतूंमुळे होणारे आजार वनस्पती आणि प्रोबायोटिकने कसे टाळावेत. ते ऐकून आले ते एखाद्या नव्या बुवाचा अनुग्रह घेतल्यासारखे!

"प्रो म्हणजे बाजूनं! बायोटिक म्हणजे जीव!" ते सांगायला लागले. "अगं, पोटात चांगले जंतू असतात आणि वाईट जंतू असतात. आता बघ, एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो की नाही? तसं चांगल्या जंतूंनी आधीच रुमाल टाकून ठेवायचे! वाईट जंतू चढले तरी त्यांना बसायला जागा नाही! उभ्यानं किती जातील? पुढच्या थांब्याला उतरतील!"

"आणि कंडक्टर कोण? तुम्ही?" त्यांची मुलगी सुचेता म्हणाली.

"हो! आणि लसूण, हळद, मेथी हे तिकीट तपासनीस!"

दुसऱ्याच दिवशी अण्णा बाजारातून लसणाचं पोतं घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, "मास्टरजी, होटल खोला क्या?" अण्णा म्हणाले, "नहीं, भैंस के लिए." दुकानदारानं दोन मिनिटं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वर एक गड्डी फुकट टाकली. बहुधा सहानुभूती म्हणून!

मग घराची प्रयोगशाळा झाली. खलबत्त्यात सकाळ-संध्याकाळ लसूण. दोरीवर कडुलिंबाच्या डहाळ्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पांढरा प्लास्टिकचा कॅन, त्यात ताक, गूळ, हळद, आलं, ओवा आणि जिरं असं सगळं आंबत ठेवलेलं. अण्णा त्याचं झाकण सैल करून कान लावायचे. "ऐक, बुडबुडे येतायत! जिवंत आहेत सगळे!" जणू घरात बारसंच होतं!

म्हशीची देखभाल करायला मंगळ्या यायचा. डोंगराकडच्या पाड्यावरून पहाटे निघून उजाडायच्या आत गोठ्यात हजर. विद्युल्लतेवर त्याचा अण्णांइतकाच जीव. नव्या औषधाचा उत्साहही अण्णांइतकाच! नियम साधा होता. मंगळ्यानं आधी धार काढायची, मग लसणाचा गोळा चारायचा आणि वर कॅनमधलं आंबवण पाजायचं.

"मास्तर, तब्येत सुधारलीय हिची," तो सांगायचा. "काल तिनं मना लाथ मारली ती पयल्यापेक्षा जोरात हाय!"

घरच्या माणसांना मात्र लसणाचा वास इतका अंगवळणी पडला की तो वास आहे हेच ते विसरले. सुचेता दापोड्याच्या एका ट्रान्स्पोर्ट कंपनीत क्लार्क होती. तिथे रोज कुणीतरी विचारायचं, "मॅडम, आज डब्यात चटणी का?"

आता सुचेताचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा सुधीर, ठाण्याचा, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. दोघांच्या भेटी झाल्या होत्या आणि पसंती तर दोघांच्या चेहऱ्यावर टाइप करून चिकटवल्यासारखी दिसत होती. सुधीरच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ म्हणजे मऊ भात! अडचण होती ती सुधीरच्या आईची. बाई करारी. श्रावणातल्या एका रविवारी ती सगळी मंडळी घर बघायला, बोलणी करायला आणि जेवायला येणार असं ठरलं. सुधीरनं सुचेताला आधीच बजावून ठेवलं होतं, "आई चातुर्मास पाळते. कांदा-लसूण आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तेवढं सांभाळा!"

झालं! प्रमोदिनीबाईंनी लसणाचं पोतं गोठ्यात हलवलं, खलबत्ता चिंचेनं घासला, अंगणात धूप घातला. सुचेतानं अण्णांना समोर बसवलं.

"अण्णा, रविवारी जेवताना तीन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जंतू, शेण आणि कास."

"बरं."

"आणि म्हैससुद्धा नाही."

"मग मी बोलू काय?"

"हवेबद्दल बोला."

अण्णांनी कबूल केलं. पण माणसानं शब्द आवरले तरी उत्साह कसा आवरायचा? रविवारी भल्या पहाटे त्यांना जाग आली. पाहुणे घर बघायला येणार, म्हणजे गोठाही बघणार. मग विद्युल्लता कशी टवटवीत दिसायला हवी! ते गोठ्यात गेले, लसणाचा एक भला मोठा गोळा स्वतःच्या हातानं तिला चारला आणि समाधानानं आंघोळीला गेले.

मागाहून मंगळ्या आला. आज पाहुणे, दूध जास्त लागणार, उगाच लाथ मारून सांडायला नको. खाण्यात गुंतली की ही लाथ मारत नाही, हे त्याला ठाऊक. म्हणून त्यानंही तिच्यापुढे लसणाचा गोळा ठेवला. तोही सणासुदीचा! ती खात बसली आणि मग त्यानं सावकाश धार काढली. बादली काठोकाठ!

ते सगळं दूध प्रमोदिनीबाईंनी बासुंदीला घेतलं. सकाळभर आटवलं. दूध आटून निम्म्याहून कमी झालं, आणि दुधात जे काही होतं ते दुप्पट झालं! प्रमोदिनीबाईंना नेमकं पडसं झालेलं. नाकापुढे अख्खा लसूण धरला असता तरी त्यांना तो मोगरा वाटला असता. बरं, चाखून बघावं तर अजून नैवेद्य व्हायचा होता. देवाच्या आधी जिभेवर ठेवणार कोण? देवानं खाल्लं, पण देव काही बोलला नाही!

पाहुणे यायचे अकराला, ते कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकले. आले तेव्हा भुकेनं सगळ्यांची तोंडं सुकलेली. लगेच पानं वाढली. अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि वाटीभरून केशरी रंगावर आलेली दाट बासुंदी.

"हवा छान आहे आज," अण्णा म्हणाले.

बाहेर धो धो पाऊस पडत होता. 

सुधीरच्या आईंनी पुरीचा तुकडा बासुंदीत बुडवला आणि तोंडात घातला. त्यांचा हात तिथेच थांबला. भुवया हळूहळू वर चढायला लागल्या, त्या पार केसांपर्यंत गेल्या.

"प्रमोदिनीबाई, बासुंदीत काय काय घातलंय?"

"वेलदोडा, जायफळ, चारोळी..."

"आणखी?"

"आणखी प्रेम!" अण्णा मध्येच म्हणाले.

भाऊंनी वाटी नाकाशी नेली. "प्रेमाला जरा वास येतोय," ते हळूच म्हणाले.

अण्णांनी घाईघाईनं चमचा तोंडात घातला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लसूण! बासुंदीत! तोही साधासुधा नाही, फोडणीत करपायला आलेला असावा तसा!

"छान आहे की, आई!" सुधीर म्हणाला. त्यानं अख्खी वाटी एका दमात संपवली होती आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रेम ते प्रेमच!

"सुधीर, गप्प बस!" आईंनी वाटी दूर सारली. "माझा चातुर्मास आहे हे ह्यांना सांगितलं होतंस ना? मग ही काय थट्टा? का मटणाच्या पातेल्यात बासुंदी करतात ह्यांच्याकडे?"

प्रमोदिनीबाई पांढऱ्याफटक पडल्या. सुचेतानं पुऱ्यांचं ताट खाली ठेवलं. काहीतरी करायला हवं म्हणून प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात धावल्या. "मठ्ठा आणते! तोंडाची चव बदलेल!" आणि गडबडीत पहिला हाताला लागला तो पेला भरून भाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी तो घटाघटा पिऊन टाकला. मिशा पुसल्या. क्षणभर डोळे मिटले, आणि मग त्यांना अशी एक खणखणीत ढेकर आली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं!

"वा!" भाऊ म्हणाले. "हा मठ्ठा आहे का अमृत? कित्येक महिन्यांत पोट इतकं हलकं झालं नव्हतं! आणखी द्या!"

अण्णांची नजर रिकाम्या पेल्याच्या तळाशी गेली. तळाशी पिवळी हळद होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डोकावून पाहिलं. पांढऱ्या कॅनचं झाकण उघडं!

"थांबा! पिऊ नका!" ते किंचाळले. "त्यात जंतू आहेत!"

सुचेतानं कपाळावर हात मारला.

"जंतू?" सुधीरच्या आई ताडकन उठल्या.

"चांगले आहेत हो, चांगले! घरचे आहेत! म्हशीसाठी पाळलेत!"

"म्हशीचं पेय माझ्या यजमानांना?"

आणि नेमक्या ह्याच घटकेला मागच्या दारात मंगळ्या येऊन उभा राहिला. भिजलेला, हातात चेपलेली बादली.

"मास्तर, ईजलतानं बादली मोडली! अशी लाथ घातलीन!"

आता अण्णा नुसते "बरं बरं" म्हणाले असते तर निभावलं असतं. ईजलता कोण, काय, कुणाला कळलं नसतं. पण शिक्षकाची जात! समोर घर बुडत असलं तरी उच्चार चुकलेला खपायचा नाही!

"ईजलता नाही रे मंगळ्या! किती वेळा सांगू? विद्-युल्-लता! लाथ मारणारी आपली म्हैस, विद्युल्लता! म्हण!"

मागच्या लूमची खटकखट एकदम खोलीतच चालल्यासारखी ऐकू यायला लागली.

सुधीर हळूच पुटपुटला, "अण्णा, आईचं नाव विद्युल्लता आहे."

इतके दिवस बोलणी चालली होती, पत्रिका बघून झाली होती, मुलामुलीच्या भेटी झाल्या होत्या, पण 'सुधीरची आई' ह्या बाईचं स्वतःचं नाव काय, हे कुणी विचारलंच नव्हतं!

"चला!" विद्युल्लताबाई म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

अण्णांनी सुचेताकडे पाहिलं. ती रडत नव्हती, नुसती उभी होती. एरवी अण्णांना उलट उत्तर देणारी पोर आज जमिनीकडे बघत होती.  ते धावत जाऊन दारात आडवे उभे राहिले.

"बाई, जायचं तर जा. पण माझ्या मुलीचा आणि हिचा ह्यात काडीचा दोष नाही. बासुंदीत लसूण कुणी घातला नाही. तो म्हशीच्या पोटातून आलाय. खोटं वाटत असेल तर..." त्यांनी गोठ्याकडे बोट केलं. "तर तिचं तोंड हुंगून बघा!"

"अहो!" प्रमोदिनीबाईंनी डोळेच मिटून घेतले.

"हुंगायला काय हरकत आहे?" भाऊ म्हणाले. पोट हलकं झाल्यापासून त्यांना जगात कशाचीच हरकत वाटत नव्हती.

अशी ती वरात निघाली! पुढे अण्णा छत्री घेऊन, मागे पैठणी सावरत विद्युल्लताबाई, मग भाऊ, सुधीर, सुचेता, पदर नाकाला लावलेल्या प्रमोदिनीबाई आणि शेवटी मोडकी बादली घेतलेला मंगळ्या. गोठ्यात म्हैस निवांत रवंथ करत होती. सगळे तिच्यापुढे अर्धवर्तुळात उभे राहिले.

"तू लसूण कधी घातलास, मंगळ्या?" अण्णांनी विचारलं.

"धारेच्या वक्ताला. लाथ मारू नये म्हून."

"अरे, मी त्याआधी पहाटेच घातला होता!"

"मंग दोनी गोळे तिच्याच पोटात गेलं की, मास्तर!"

ह्या साक्षीवर शिक्कामोर्तब करावं तशी म्हशीनं मान वर केली, तोंड उघडलं आणि एक लांबलचक, ऊनऊन ढेकर दिली. सगळे एकदम तीन पावलं मागे सरकले! भाऊंनी खांब धरला. सुधीरनं सुचेताचा हात धरला, निमित्त मिळालंच होतं!

विद्युल्लताबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग कुणाला काही कळायच्या आत पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि सरळ म्हशीच्या मागच्या अंगाला गेल्या.

"बाई, नको! लाथ!" अण्णा आणि मंगळ्या एकदम ओरडले.

विद्युल्लताबाईंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, खाली वाकल्या आणि कासेला हात लावला. चारी सड चाचपून पाहिले. सगळे श्वास रोखून उभे. म्हशीनं शेपटीसुद्धा हलवली नाही!

"हा एक आटलाय," बाई म्हणाल्या. "दगडी झाली होती?"

"गेल्या वर्षी," अण्णा म्हणाले. "फार हाल झाले तिचे. परत होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप."

 बाईंचा हात म्हशीच्या पाठीवरून फिरत राहिला.

"माझं माहेर मुरबाडचं. घरात म्हशी होत्या. त्यातली एक दगडीनंच गेली. मी परकरी पोर होते. तिच्याशेजारी गोठ्यात निजले होते, उठवून नेलं मला." मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि आवाज पूर्ववत झाला. "कास मऊ आहे. सूज नाही, काही नाही. तुमचं औषध चाललंय चांगलं. पण धारेच्या आधी लसूण घालतात का कुणी? शिबिरात हे सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल," अण्णा म्हणाले. "मध्ये चहा आला होता."

आणि विद्युल्लताबाई हसल्या! आधी नुसत्या ओठांतून, मग खदखदून, पैठणीचा पदर तोंडाला लावून. त्या हसल्या तसे सगळेच सुटले. मंगळ्या हसता हसता बादलीवर बसला आणि ती पार चपटी झाली.

"पण अगं, तुझा चातुर्मास?" भाऊंना एकदम आठवलं. "घास तर गेला पोटात."

"लसूण म्हशीनं खाल्लाय. मी खाल्ली बासुंदी," बाईंनी निकाल दिला. "प्रायश्चित्त घ्यायचं असेल तर तिनं घ्यावं."

"मी तिचं नाव आजच बदलतो!" अण्णा हात जोडून म्हणाले.

"कशाला? चांगलं आहे नाव. पण ही लाथ मारते म्हणून ओरडलात ना? मला का नाही मारली?"

"घाबरली असेल," भाऊ म्हणाले. त्यांच्याकडे जो कटाक्ष गेला, त्यासरशी ते खांबामागे सरकले.

बाईंनी सुचेताला जवळ बोलावलं. "तुला धार काढता येते?"

"नाही," सुचेता घाबरत म्हणाली.

"बरं झालं. आमच्याकडे पिशवीचं दूध येतं." त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, आणि शेणाचा नाही ना, म्हणून आधी बघून घेतला! "दिवाळीनंतरचा मुहूर्त धरू. मास्तर, तोवर लग्नाच्या जेवणाचं दूध दुसरीकडून आणायची सोय करून ठेवा."

मंडळी परत पानांवर बसली, अण्णांनी आग्रह करकरून वाढलं आणि पाहुणे जेवून गेले. जाताना भाऊंच्या पिशवीत कॅनमधल्या मठ्ठ्याची बाटली होती, ती त्यांनी बायकोची नजर चुकवून मागून घेतली होती. अण्णा ओसरीच्या पायरीवर येऊन टेकले. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून धड जेवलेलोच नाही! पुऱ्या संपल्या होत्या, भाज्या संपल्या होत्या. भरलेलं होतं ते फक्त बासुंदीचं पातेलं.

त्यांनी एक वाटी घेतली. मग दुसरी. मग पातेलंच पुढे ओढलं.

प्रमोदिनीबाई दारात येऊन बघत राहिल्या. "कशी लागतेय हो?"

अण्णांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, चमचा चाटून पुसला आणि ओशाळं हसून म्हणाले,

"खरं सांगू? किंचित मीठ हवं होतं."